अलास्का क्रूझ: बंदरात उतरल्यावर कमी खर्चात काय करायचं (ठाण्याहून निघणाऱ्या कुटुंबांसाठी)

अलास्का क्रूझचं बुकिंग झालं की कंपनीकडून मेलवर मेल यायला लागतात. कुठल्या बंदरात कुठली सहल घेणार, लवकर ठरवा, जागा संपत आल्यात. हेलिकॉप्टरने ग्लेशियरवर जायचं तर माणशी ३५० डॉलरच्या पुढे. देवमासे पाहायच्या बोटीला १५० ते २००. डोंगरातल्या रेल्वेला १५०च्या आसपास. हिशेबासाठी डॉलर ९० रुपये धरला तर चौघांच्या घराला नुसत्या देवमाशांच्या बोटीचे ५४ ते ७२ हजार होतात. तीन बंदरांत अशा तीन सहली घेतल्या की दीड-दोन लाख उडाले, आणि हे सगळं क्रूझच्या भाड्याच्या वर.

आमचं मत सरळ आहे. यातली एकच सहल पैसे मोजून घ्या, तीही जुनो बंदरातली देवमाशांची बोट. बाकी सगळं सिटी बस, पायवाटा आणि सरकारी पाहणी केंद्रांवर (व्हिजिटर सेंटर) निभतं. आग्नेय अलास्कातली ही गावं चिंचोळी आहेत. समोर समुद्राची खाडी, पाठीला डोंगर, आणि जहाज बहुतेक ठिकाणी थेट बाजारपेठेला लागतं. मात्र फुकटचा बेत नीट आखावा लागतो. महागड्या सहलीत बस दारात उभी असते आणि उशीर झाला तर काळजी कंपनीची. स्वतःच्या बेतात वेळ, पाऊस आणि पोरांचं पोट हे तिन्ही तुम्हीच सांभाळायचं.

सुट्टी आणि हंगाम

हंगाम एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. म्हणजे दिवाळीची सुट्टी बाद. ठाण्याच्या शाळांचा विचार केला तर मे महिना आणि जूनचे पहिले दिवस एवढाच काळ हाती राहतो, आणि तो वाईट नाही. त्या भागात मे-जून तुलनेने कोरडे असतात, भाडंही जुलै-ऑगस्टपेक्षा कमी असतं, देवमासे आलेले असतात, आणि उजेड इतका लांबतो की जूनच्या मध्यात जुनोला अठरा तासांचा दिवस असतो. रात्री नऊला मुलांना झोपवायचं तर केबिनचा पडदा घट्ट ओढून घ्यावा लागतो.

मे महिन्यात मिळत नाही तो सामन मासा. ओढ्यांतून उलट पोहत वर चढणारे मासे आणि त्यांच्यामागे येणारी अस्वलं हे दृश्य साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचं. तेवढ्यासाठीच जायचं असेल तर शाळा बुडवण्याची तयारी ठेवा. मे महिन्यात उंचावरच्या पायवाटांवर अजून बर्फ असतो, तेव्हा डोंगर चढायचे बेत करू नका. खालच्या सपाट वाटा मोकळ्या असतात आणि कुटुंबाला त्याच लागतात.

ठाण्यातच उरकायची तयारी

ठाणेकराला पाऊस काय ते सांगायला नको. पण हा पाऊस वेगळा आहे. आपल्याकडे जुलैत चिंब भिजलं तरी हवा पंचवीस-सव्वीस अंशांवर असते. तिथे बारा अंशांत ओली जीन्स दोन तास अंगावर राहिली की मूल कुडकुडायला लागतं आणि तुमचा बेत तिथेच आटोपतो. केचिकान या बंदराला वर्षाकाठी साडेतीन मीटरहून जास्त पाऊस पडतो, ठाण्याच्या जवळपास दीडपट. तोही चार महिन्यांत कोसळत नाही, वर्षभर रिपरिपत राहतो.

म्हणून जीन्स आणि कॉटनचे मोजे घरीच ठेवा. अंगाला थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर पाणी न झिरपणारं टोपीवालं जॅकेट, असे तीन थर पुरतात. फुगीर पफर जॅकेट फोटोत छान दिसतं. पण पिसांचं असेल तर ओलं झालं की चप्पट होतं आणि ऊब जाते. माणशी एक जॅकेट, एक फ्लीस, थर्मलचे दोन जोड, लोकरी किंवा सिंथेटिक मोज्यांच्या तीन जोड्या, हातमोजे आणि कानटोपी. आजोबांकडे माकडटोपी असेल तर नवी टोपी घ्यायची गरज नाही. ग्लेशियरच्या दिवशी डेकवर तिच्याइतकी कामाची वस्तू नाही.

लहान मुलांसाठी महाग जॅकेट घेऊ नका, वर्षभरात आखूड होतं. जांभळी नाक्याला किंवा स्टेशन रोडला मिळणारा लांब प्लॅस्टिकचा रेनकोट फ्लीसवर चढवला की मुलांचं काम भागतं. मोठ्यांना मात्र तो चालत नाही. दोन-तीन किलोमीटर चाललं की घाम आतच साचतो आणि माणूस आतून भिजतो. मोठ्यांचं जॅकेट घेताना आतून उलटं करून शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का ते पाहा. घरी आणल्यावर दोन्ही खांद्यांच्या शिवणींखाली आणि खिशात कागदी रुमाल ठेवा, जॅकेट घालून दहा मिनिटं शॉवरखाली उभं राहा. जिथला रुमाल ओला झाला तिथून पाणी शिरतंय. जॅकेट बदलायचं असेल तर ते ठाण्यात असतानाच बदललं जाईल. छत्री नेऊ नका. वाऱ्यात उलटते आणि मुलाचा हात धरायला आपला हात मोकळा राहत नाही.

बुटांची चाचणीही तशीच. जूनअखेर किंवा नंतर निघणार असाल तर येऊरच्या पावसात एक फेरी मारा. मे महिन्यात निघणाऱ्यांनी बूट घालून मोरीत घोट्याखालपर्यंत पाण्यात पाच मिनिटं उभं राहावं. पाणी शिरतंय असं कळलं तर मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून बूट घालणं हा शेवटचा उपाय. दिसायला विनोदी, पण पाय कोरडे राहतात.

आणखी एक काम येऊरला करा. उपवनपासून वर चालत जाताना आजी-आजोबा आणि सगळ्यात लहान मूल यांना घेऊन एक किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते मोबाइलवर मोजा. थांबणं, पाणी पिणं, ‘उचलून घे’ सगळं धरून. बहुतेक घरांत हा आकडा वीस मिनिटांच्या आसपास येतो. येऊरला चढ आहे, तिकडच्या सपाट वाटेवर तेवढीच मिनिटं धरलीत तर थोडा वेळ हाताशी राहील. पुढचा सगळा बेत या एका आकड्यावर उभा करायचा आहे.

दुर्बीण कुटुंबात एकच, पण बरी घ्या. ८×३२ किंवा ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. दहापट मोठं दाखवणारी घ्यावीशी वाटते, पण हलत्या जहाजावर हात थरथरतो आणि दहापट दुर्बिणीत ती थरथरही दहापट दिसते. शिवाय वीस लिटरची एक सॅक, तिच्या आत अस्तर म्हणून कचऱ्याची मोठी काळी पिशवी, आणि एक थर्मास.

खाणं

जहाजावरचं खाणं भाड्यात आलेलं असतं, बंदरातलं नाही. साध्या फिश अँड चिप्सच्या बशीला वीस डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. त्यामुळे केचिकान आणि स्कॅगवेसारख्या बंदरांत, जिथे जहाज गावालाच लागतं, दुपारी जेवायला जहाजावर परत या आणि पुन्हा उतरा. पाहिजे तितक्या वेळा ये-जा करता येते. जहाजाचं कार्ड आणि मोठ्यांचं फोटो असलेलं ओळखपत्र बरोबर असलं की झालं. चौघांच्या एका जेवणाचे आठ-दहा हजार रुपये वाचतात.

बाहेर नेण्यासाठी कंपनीने पॅक केलेली, न फोडलेली पाकिटं चालतात: चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची चिक्की, बिस्किटं. बुफेतली फळं, सँडविच, उकडलेली अंडी उतरताना बरोबर नेता येत नाहीत. अमेरिकेत आणि कॅनडात शिरतानाही फळं, मांस, बिया आणू नका आणि जे काही खाण्याचं आहे ते फॉर्मवर लिहा. लपवलेलं सापडलं तर दंड बसतो. थर्मास सकाळी जहाजावरच्या गरम पाण्याने भरा. चहा-मसाल्याच्या पुड्या ठाण्याहून नेल्या असतील तर बंदरातल्या कॉफीचे पाच-सहा डॉलर वाचतील आणि आजीही खूश राहील.

शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कंपनीला लेखी कळवा. जहाजावर चढल्यावर सांगितलं की पहिले दोन दिवस सॅलड आणि उकडलेल्या बटाट्यावर जातात.

वेळ उलटी मोजायची

जहाज सुटायच्या अर्धा तास आधी सगळे आत हवेत, हा नियम. उशीर झाला तर कंपनीच्या सहलीवर गेलेल्यांसाठी जहाज थांबतं, स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. आणि जुनो किंवा केचिकानहून पुढच्या बंदराला जाणारा रस्ताच नाही. विमान किंवा फेरी, तीही स्वतःच्या खर्चाने. म्हणून शेवटच्या मिनिटापासून मागे मोजत या आणि मध्ये किमान एक तास मोकळा सोडा.

दुसरी गफलत घड्याळाची. अलास्काचं घड्याळ, जिथून क्रूझ निघतात त्या सिॲटल-व्हँकुव्हरपेक्षा एक तास मागे आहे. मोबाइल आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ बदलत नाही, आणि जहाज स्वतःची वेळ पाळतं. उतरताना गँगवेपाशी, म्हणजे उतरायच्या वाटेवर, लिहिलेली वेळ पाहा आणि घरातल्या प्रत्येकाचं घड्याळ तिच्याशी जुळवा. रोजच्या छापील कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

मोबाइलबद्दल एवढंच: जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर. समुद्रात तो जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो आणि आपल्याकडचे बहुतेक रोमिंग पॅक तिथे लागू होत नाहीत. बिल मुंबईत आल्यावर कळतं. वायफाय हवं असेल तर गावातली सार्वजनिक वाचनालयं फुकट देतात. जुनोचं वाचनालय धक्क्याजवळच्या पार्किंग इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. तिथून खाडी दिसते आणि स्वच्छतागृहही आहे.

जुनो

पूर्ण दिवस इथे द्या. मेंडेनहॉल ग्लेशियर शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. धक्क्यावरून सुटणाऱ्या शटल बसेस जाऊन-येऊन माणशी चाळीस-पन्नास डॉलर घेतात. शहराची कॅपिटल ट्रान्झिट बस मोठ्यांना २ डॉलर, सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना १ डॉलर, त्याहून लहानांना फुकट. दोन मोठे आणि दोन शाळकरी मुलं असा हिशेब धरला तर जाऊन-येऊन १२ डॉलर, आणि पाहणी केंद्राचं मोठ्यांचं प्रत्येकी ५ डॉलर तिकीट. एकूण २२ डॉलर, म्हणजे दोन हजार रुपयांच्या आत. शटलने तेच पंधरा हजारांच्या वर जातं.

फरकाची किंमत चालण्यात मोजायची. सिटी बस ग्लेशियरपर्यंत जात नाही, वळणाच्या रस्त्यावर सोडते. तिथून पाहणी केंद्र सुमारे अडीच किलोमीटर. रस्ता सपाट आहे आणि कडेने पायवाट आहे. आता येऊरचा आकडा काढा. किलोमीटरला वीस मिनिटं असतील तर एका बाजूचे पन्नास मिनिटं.

समजा जहाज सकाळी ११ला लागलं आणि रात्री ८ला सुटणार आहे, म्हणजे साडेसातला आत. साडेअकराला उतरा आणि चालत गावातल्या बस स्थानकावर जा. बारा-सव्वाबाराच्या दरम्यान मेंडेनहॉल व्हॅलीकडे जाणारी बस पकडा. चढताना ड्रायव्हरला ‘ग्लेशियर’ एवढंच सांगा, योग्य थांब्यावर तो हाक मारतो. बस पाऊण तास घेते. दीड-पावणेदोनच्या सुमारास तुम्ही केंद्रावर पोचता. चारला तिथून पाय काढायचा म्हणजे काढायचा. पाचच्या आसपास बस, पावणेसहाला गावात. साडेसातपर्यंत पावणेदोन तास उरतात, आणि ते उरायलाच हवेत. परतीच्या बसला तुमच्यासारखेच दोन जहाजांचे लोक उभे असतात. बस भरली की ती थांबत नाही आणि पुढचीची वाट पाहावी लागते. रविवारी फेऱ्या आणखी कमी. सुटे पैसे बरोबर ठेवा, ड्रायव्हर मोड देत नाही. सिॲटल किंवा व्हँकुव्हरमध्येच एक डॉलरच्या वीसेक नोटा काढून ठेवलेल्या बऱ्या.

गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर बसचा हट्ट धरू नका. जाताना चौघांत टॅक्सी करा. शटलच्या चार तिकिटांपेक्षा ती स्वस्त पडते. परतीची टॅक्सी मात्र आधीच वेळ सांगून ठरवा. ग्लेशियरपाशी मोबाइलची रेंज भरवशाची नाही, तिथून गाडी बोलावू म्हटलं तर अडकाल.

तिथे गेल्यावर आधी नगेट फॉल्सला जा, केंद्र नंतर. पाऊस वाढला तर केंद्रात बसता येतं, धबधब्यापाशी आडोसा नाही. जाऊन-येऊन सुमारे सव्वातीन किलोमीटरची सपाट, खडीची वाट. धबधबा ११५ मीटरचा, आणि वाट त्याच्या पायथ्याच्या वाळूपर्यंत जाते. मुलांना त्या वाळूत अर्धा तास खेळू द्या, पण पाण्यात पाय घालू देऊ नका. तळ्याचं पाणी बर्फाचंच आहे, मिनिटभरात पाय बधिर होतात. तुषार अंगावर येतात, तेव्हा कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी. पायवाटांवर खाणं बाहेर काढायला मनाई आहे, पाणी चालतं. कारण अस्वलं. चिक्की बसमधून उतरण्याआधीच खाऊन टाका आणि रिकामी पाकिटंही घट्ट बांधून सॅकमध्ये ठेवा.

जुलैच्या मध्यानंतर गेलात तर स्टीप क्रीकची लाकडी फळ्यांची छोटी वाट चुकवू नका. खाली ओढ्यात लाल झालेले सॉकाय जातीचे सामन मासे आणि नशीब असेल तर काळी अस्वलं. अस्वल दिसलं तर मुलांचा हात धरा, जागेवर थांबा, मग हळूहळू मागे सरका. पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्याचा स्वभाव आहे. ऑगस्टात जाणाऱ्यांनी एक गोष्ट तपासून घ्यावी. वरच्या खोलगट भागात साचलेलं पाणी एकदम सुटून मेंडेनहॉल नदीला पूर येतो. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं तो ऑगस्टातच आला. पुराचा इशारा असेल तर केंद्र आणि वाटा बंद असू शकतात.

देवमाशांची बोट घ्यायची असेल तर ती ऑक बे इथून सुटते. काही स्थानिक बोटवाले बोट आणि ग्लेशियर एकत्र देतात, त्यात शटलचा वेगळा खर्च वाचतो. बुकिंग करताना दोन गोष्टी लेखी विचारा: जहाज जुनोला थांबलंच नाही तर पूर्ण पैसे परत मिळतात का, आणि परतीची वेळ तुमच्या जहाजाच्या वेळेच्या किती आधी आहे. हवामानामुळे बंदर गाळलं जाणं अधूनमधून होतं.

ग्लेशियरला जायचंच नसेल तर धक्क्यालगतच्या समुद्रकाठच्या फरसबंद वाटेने पुलाकडे चालत जा. टोकाच्या बागेत पाण्यातून उसळणाऱ्या हम्पबॅक देवमाशाचं पूर्णाकृती ब्राँझ शिल्प आहे. धक्क्यावरच पॅट्सी ॲन नावाच्या कुत्रीचा पुतळा आहे. ती ठार बहिरी होती, तरी १९३०च्या दशकात जहाज आलं की धक्क्यावर हजर असायची. मुलं ग्लेशियर विसरतात, पॅट्सी ॲन लक्षात ठेवतात. रोपवे साठ डॉलरच्या घरात आहे. ढग खाली आले असतील तर वर जाऊन पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही, तेव्हा खालून मान वर करून डोंगराचा माथा दिसतोय का ते पाहूनच तिकीट काढा.

केचिकान

जहाज इथे बहुतेक सकाळी लवकर लागतं आणि दुपारी सुटतं. धक्क्यावर उंच पर्जन्यमापकाची पाटी आहे, तिच्यावर १९४९ सालचा २०२.५५ इंचांचा विक्रम लिहिलेला आहे. मुलांना त्याचे मिलिमीटर करायला सांगा, पाच हजारांच्या वर जातात.

तिथून दहा-पंधरा मिनिटांत क्रीक स्ट्रीट. ओढ्यावर खांब रोवून उभी केलेली लाकडी घरं आणि फळ्यांचा रस्ता. पूर्वीची बदनाम वस्ती आहे. ‘डॉलीज हाऊस’ या पाटीकडे मुली बाहुल्यांचं घर समजून ओढतील. ते जुन्या कोठीचं संग्रहालय आहे, पैसे देऊन आत गेल्यावर उत्तरं द्यायची तयारी नसेल तर पुढे चला. फळ्या ओल्या असल्या की निसरड्या होतात, पळू देऊ नका. ओढ्याच्या कडेने वर चालत गेलं की माशांसाठी बांधलेली शिडी दिसते. जुलैअखेर-ऑगस्टात इथे मासे एकावर एक उड्या मारत असतात आणि अंडी घालून मेलेल्यांचा वास सुटलेला असतो. नाकाला रुमाल लागेल हे मुलांना आधीच सांगा.

सामन माशांच्या पाच जाती मुलांना बोटांवर शिकवता येतात: अंगठा म्हणजे चम, तर्जनी सॉकाय, सगळ्यात मोठं मधलं बोट किंग, अंगठीचं बोट सिल्व्हर, करंगळी पिंक.

आणखी वर गेलं की टोटेम हेरिटेज सेंटर. इथे ओसाड पडलेल्या गावांतून आणलेले एकोणिसाव्या शतकातले मूळ टोटेम खांब आहेत, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी कोरलेले लाकडी खांब, नव्याने न रंगवलेले. थोडं तिकीट आहे, पण पावसात तासभर छपराखाली जातो आणि गर्दी नसते. रंगवलेले, उघड्यावर उभे खांब पाहायचे तर चार किलोमीटरवरच्या सॅक्समनला गावाची बस जाते. जहाज दुपारी लवकर सुटणार असेल तर सॅक्समन आणि क्रीक स्ट्रीट दोन्ही करायला जाऊ नका, एकच निवडा. आणि तुमचं जहाज गावाच्या धक्क्याला लागतंय की वॉर्ड कोव्हला हे आधी पाहा. वॉर्ड कोव्ह गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे, तिथून शटलने यावं लागतं आणि जाण्या-येण्यात तासभर सहज मोडतो.

स्कॅगवे

खिसा वाचवायला सगळ्यात सोपं बंदर हेच. गाव म्हणजे ब्रॉडवे नावाचा एक सपाट रस्ता आणि आजूबाजूच्या गल्ल्या. १८९७-९८च्या सोन्याच्या धावपळीत वसलेलं गाव, आज त्याचा मोठा भाग राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे आणि प्रवेश फुकट. रेल्वे स्थानकाजवळच्या पाहणी केंद्रात आल्याबरोबर दोन गोष्टी करा. रेंजरबरोबरच्या (उद्यानाचा कर्मचारी) गावफेरीची वेळ विचारून नाव लिहा, कारण जागा मोजक्याच असतात. आणि मुलांसाठी ज्युनियर रेंजरची पुस्तिका घ्या. पुस्तिकेतली कामं गावभर फिरून करायची, परत येऊन रेंजरला दाखवायची, मग हात वर करून शपथ आणि बॅज. सात ते बारा वर्षांच्या मुलांचे दोन-अडीच तास यात कसे जातात ते कळत नाही. इंग्रजी पुस्तिका लहानांना जड जाते, मोठ्यांनी शेजारी बसून वाचून द्यावी. वाटेत आर्क्टिक ब्रदरहुड हॉल लागतो, दर्शनी भिंतीवर वाहून आलेल्या लाकडाचे ८,८००च्या वर तुकडे ठोकलेले. मोजायचा प्रयत्न मुलं करतातच.

दुपारच्या जेवणानंतर चालायचं तर तीन वाटा आहेत. वृद्धांसाठी याकुटानिया पॉइंट, नदीवरचा पादचारी पूल ओलांडून सपाट वाट. तरुण पायांसाठी लोअर ड्युई तलाव, अंतर किलोमीटरभरच पण दीडशे मीटर खडा चढ. मधली वाट गोल्ड रश सिमेट्रीची, तीन किलोमीटरवर, सपाट. तिथे गावाला लुबाडणारा सोपी स्मिथ आणि त्याच्याशी झालेल्या गोळीबारात जखमी होऊन नंतर मेलेला फ्रँक रीड असे दोघेही पुरलेले आहेत, आणि मागे पाच मिनिटांवर धबधबा. वारा इथे सतत वाहतो, टोपीचा बंद बांधून ठेवा.

व्हाइट पास रेल्वेचं काय करायचं? नेरळ-माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर चालते, ही तीन फुटी. वीस मैलांत २,८६५ फूट चढते, दृश्य खरोखर भारी आहे. पण तीन तास खिडकीशी बसणं सहा वर्षांच्या मुलाला जमत नाही. मुलं दहाच्या वरची असतील आणि देवमाशांची बोट घ्यायची नसेल तरच हिचा विचार करा. शिखरापर्यंत जाऊन परतणारी, मध्ये न उतरवणारी फेरीच घ्या. यूकॉनला जाणाऱ्या बस-रेल्वे सहली कॅनडाची हद्द ओलांडतात, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा असल्याशिवाय त्यात पाय टाकता येत नाही.

सिटका, आयसी स्ट्रेट पॉइंट आणि ग्लेशियरचा दिवस

सिटकाला धक्क्यापासून गावात फुकट शटल असते. तिथून चालत सिटका राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान गाठा. जंगलातून, समुद्राच्या कडेने, टोटेम खांबांमधून जाणारी दीडेक किलोमीटरची सपाट फेरी, फुकट. आजी-आजोबांना सगळ्या बंदरांत हीच आवडते. येताना कॅसल हिल चढा, ७२ लाख डॉलरना घेतलेल्या अलास्काचं हस्तांतरण १८ ऑक्टोबर १८६७ला तिथेच झालं.

आयसी स्ट्रेट पॉइंटला दोन गोंडोला (रोपवे) आहेत. धक्के आणि जुन्या कॅनरीला (मासे डबाबंद करण्याचा कारखाना) जोडणारा फुकट, डोंगरावर नेणारा तिकिटाचा. फुकटच्याने कॅनरीला जा, १९१२ची आहे, आत माशांचे डबे भरण्याची यंत्रं पाहायला मिळतात. मग गोट्यांच्या किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन बसा. हम्पबॅक इथे काठावरून दिसतात. आधी पांढरा फवारा शोधायचा, पाठ नंतर.

ग्लेशियर बे किंवा हबर्ड ग्लेशियरच्या दिवशी जहाज कुठे लागत नाही. पहाटेच थर्मास भरून डेक गाठा. ग्लेशियर बेमध्ये रेंजर जहाजावर चढतात, त्यांच्याकडेही ज्युनियर रेंजरची पुस्तिका मिळते. बर्फाचा कडा कोसळताना दिसला की मुलांना मोठ्याने सेकंद मोजायला लावा. आवाज पोचेपर्यंत जितके सेकंद झाले त्याला तीनने भागलं की किलोमीटरमध्ये अंतर आलं. समोर हाताशी वाटणारा कडा बराच लांब निघतो.

व्हिक्टोरिया

सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणाऱ्या क्रूझ बहुतेक शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला तीन-चार तास थांबतात. परदेशी नोंदणीच्या जहाजांना मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं, अमेरिकेचा १८८६चा कायदा आहे. लेक-जावयाकडे सिॲटलला गेलेल्या आई-बाबांचं घोडं अडतं ते इथे. हाती अमेरिकेचा व्हिसा असतो, कॅनडाचा नसतो, आणि ‘आम्ही उतरणारच नाही’ हे कारण चालत नाही, सिॲटललाच जहाजावर चढू दिलं जात नाही. व्हँकुव्हरहून निघून तिथेच परतणार असाल तर कॅनडाचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना ते तपासा. बायोमेट्रिक आणि पासपोर्ट जमा करण्यात आठवडे जातात, त्यामुळे मे महिन्यात निघायचं असेल तर अर्ज निदान जानेवारीत टाका.

व्हिसा असेल तर संध्याकाळ फुकटात होते. धक्क्यालगतच्या लाटारोधक बांधावरून टोकापर्यंत चालत जा. परत येऊन किनाऱ्याने दोनेक किलोमीटरवरच्या आतल्या बंदरापाशी पोचलात की अंधार पडताना विधिमंडळाच्या इमारतीवर दिवे लागतात. मुलं दमली असतील, म्हणून परतीच्या बसपुरते कॅनडाचे डॉलर खिशात ठेवा.